सुपारी फुटली होती का? होय / नाही

निपाणी
१२ डिसेंबर २०२३

वृषभ,

जय जिनेंद्र. पत्र बघून दचकू नकोस, आप्पा ठणठणीत हैत आणि आई पण. फोनच केला असता, पण माझा फोन हल्ली आईच्या ताब्यात असतो. समाजाच्या वधू-वर वेबसाइटवर माझं नाव घातल्यापास्नं ती दिवसातून दहादा उघडून बघती, कोण आलंय का म्हणून. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं तर माझ्याआधी तीच वाचती. मी पोस्टात नोकरीला, पाकीट-तिकीट हाताशीच असतं. म्हणून हे.

नुसतं वृषभ लिहिलंय त्याचा राग मानू नको. लहानपणी आई म्हणायची, आत्तीचा पोरगा हाय तो, त्याला दादा म्हणू नको, उद्या सोयरीक व्हायची. सहा वर्षामागं म्हणाली, आता दादा म्हण. माझ्या जिभेला मेलं काहीच जमंना.

कामाचं लिहिते. ती वेबसाइट तू केलीस असं मंडळाचे अध्यक्ष शांतिनाथअण्णा सांगत होते. लई कौतुक चाललं होतं तुझं. माझं नाव घालून तीन महिने झाले, एक सुद्धा चौकशी न्हाई. आमच्या गल्लीतल्या दोघींची नावं माझ्या मागनं घातली, दोघींची जमली पण. माझं वय बत्तीस हाय, पोस्टातली नोकरी हाय, रंग तुला ठाऊक हाय. नकार आले असते तर मला काही वाटलं नसतं. पण नकार द्यायला सुद्धा आधी कुणी बघावं लागतं की रं. फॉर्म भरताना माझं काही चुकलं का, तेवढं बघून कळव.

आत्तीला नमस्कार सांग. आप्पा यंदाही भाऊबीजेला बेळगावला आले न्हाईत म्हणून ती रडली असं ऐकलं. इकडं आप्पा पण त्या दिवशी जेवले न्हाईत. हे तिला सांगू नको.

राजश्री


शहापूर, बेळगाव
२० डिसेंबर २०२३

राजश्री,

जय जिनेंद्र. पोस्टमननं हातात पाकीट ठेवलं तेव्हा वाटलं कुणी वकिलाची नोटीसच धाडली. गेल्या कित्येक वर्षांत मला हातानं लिहिलेलं कुणी काही पाठवलेलं नाही. उत्तर लिहायला पेन शोधावा लागला.

कौतुकाचं लिहिलंस म्हणून सांगतो, माझ्या धंद्याचं कौतुक करणारी माणसं बघितली की मला धडकी भरते. परवा इथल्या जवळच्या मच्छे गावचा एक कारखानदार आला. कारखाना नटबोल्टचा, आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर त्याला गुरगुरणारा सिंह पाहिजे. म्हटलं सिंह कशाला, तर म्हणे गिऱ्हाईक बिचकलं पाहिजे. दुसऱ्या एका देवस्थानाच्या पानावर विश्वस्तांचे फोटो एवढे मोठे, की भगवंत शोधायला खाली खाली सरकत जावं लागतं. वेबसाइट सगळ्यांना मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत पाहिजे असते. मजकूर मात्र एकाही भाषेत लिहून देत नाहीत. म्हणतात, तुम्हीच घाला काहीतरी.

आणि हे सगळं मी कुठं बसून करतो? मागाच्या डोक्यावर. खाली घरमालकाचे दोन यंत्रमाग सकाळी सातला सुरू होतात, माझं टेबल संध्याकाळपर्यंत थरथरत असतं. पुण्यात काचेच्या इमारतीत बसायचो ते दिवस गेले. कंपनी बुडाली, मी परत आलो, आता बोल कुणाला लावायचा.

पण मंडळाची वेबसाइट मी जीव ओतून केली. ती बघून कुणी म्हणणार नाही की बेळगावात बसून केलीय. स्वच्छ, मोकळी, डोळ्याला त्रास नाही. चांगल्या डिझाईनची खूण एकच, बघणाऱ्याला विचार करावा लागू नये. माणसं वाचत नाहीत, नुसती चाळतात. पहिल्या पंधरा-वीस फोटोंत मन रमलं तर थांबतात, नाहीतर गेली.

तुझं पान उघडून बघितलं. फॉर्म बरोबर भरलाय. फोटो मात्र आधारकार्डावरचा वाटतो. चांगला काढून घे, उजेडात, थोडं हसून. आवडीनिवडीत तू ‘वाचन’ एवढंच लिहिलंयस, तिथं दोन ओळी वाढव. धीर धर, जमेल.

आई बरी आहे. मामा-मामींना नमस्कार.

वृषभ


निपाणी
९ जानेवारी २०२४

वृषभ,

फोटो काढला. बाजारातल्या स्टुडिओत जाऊन, हसून. फोटोग्राफर म्हणाला, आक्का जरा कमी हसा. आवडीनिवडीत स्वयंपाक घातला, भरतकाम घातलं. सुईत दोरा ओवायला मला चष्मा लागतो ते लिहिलं न्हाई. दोन आठवडे झाले. काही न्हाई.

मग संकेश्वरची चंदना घरी आली. माझी शाळेतली मैत्रीण, तिच्या भावासाठी ती पण तुझ्या वेबसाइटवर मुली बघती. तिला म्हटलं, जरा मला शोधून दाखव. तिनं जिल्हा घातला, वय घातलं, शिक्षण घातलं. म्हणाली, “मी तीनदा शोधलो, तू न्हाईसच गं.” मग माझा नोंदणी क्रमांक टाकून बघितलं, तर लगेच आले. हसत. म्हणजे मी आत हाय, पण शोधणाऱ्याला दिसत न्हाई. असं कसं असतं?

चंदना डोक्यानं चलाख. तिनं वरपास्नं खालपर्यंत बघितलं. शोधायच्या पानावर सगळ्यात तळाला बारीक अक्षरात एक चौकोन हाय. ‘सुपारी फुटलेली स्थळे वगळा.’ त्याच्यावर आधीच टिक हाय. ती टिक काढली आणि मी आले. एकटीच न्हाई, आम्ही एकेचाळीस जणी आलो.

फॉर्ममध्ये तो प्रश्न होता ते मला आठवतंय. ‘यापूर्वी सुपारी फुटली होती का? होय / नाही.’ उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढंच सरकत न्हाई. मी होय लिहिलं. खोटं कसं लिहू? आमच्या सोप्यात पाच माणसांसमोर माझ्या आप्पांनी आणि तुझ्या बाबांनी मिळून सुपारी फोडली. तुझी नि माझी. दोन महिन्यांनी तू पुण्यास्नं फोन करून नको म्हणालास. मी तेव्हा पण तुला काही विचारलं न्हाई.

आता विचारते. तो प्रश्न तिथं कुणी घातला, आणि ती टिक कुणी लावली?

राजश्री


शहापूर, बेळगाव
१८ जानेवारी २०२४

राजश्री,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. तरी शांतपणे लिहितो, तूही शांतपणे वाच.

प्रश्न मंडळाचा. शांतिनाथअण्णांनी कागदावर लिहून दिलेल्या यादीत तो होता. पूर्वी एका ठिकाणी लग्नाच्या मांडवात भांडण झालं होतं म्हणे, मुलीची आधी सुपारी फुटली होती ते लपवल्यावरून. म्हणून आधीच विचारायचं ठरलं. मी वेबसाइट करणारा माणूस. घर बांधणारा गवंडी मालकाला विचारतो का, ह्या खोलीत तुम्ही कुणाला कोंडणार आहात?

टिकचं खरं सांगतो. ती कुणी मागितली नव्हती. मीच लावली. सगळे फोटो एकदम आले तर पान गिचमिड दिसतं, काहीतरी वगळायची सोय पाहिजे होती, आणि यादीत तेवढी एकच गोष्ट वगळण्यासारखी दिसली. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो, की आधीच भरून ठेवलेलं असतं ते शंभरातले नव्वद लोक तसंच राहू देतात. मला वाटलं होय लिहिणाऱ्या दोन-चार असतील. एकेचाळीस असतील असं वाटलं नव्हतं, आणि त्यात तू असशील हे तर डोक्यातच आलं नाही; तुझं पान उघडलं तेव्हाही ती ओळ मी वाचली नव्हती. खोटं वाटेल तुला, पण आपलं ते मी सुपारी म्हणून कधी धरलंच नव्हतं. माझ्या लेखी मोठी माणसं चहा प्यायला बसली आणि काहीतरी बोलली, एवढंच. ना अंगठी, ना साडी.

आता यावर साधा उपाय आहे. होय च्या जागी नाही. तुला काही करायला नको, मला मागच्या बाजूनं सगळं उघडता येतं. एका मिनिटाचं काम. करू का? कळव.

यात खोटेपणा नाही. जे झालंच नाही ते झालं असं तू का लिहायचं?

वृषभ


निपाणी
२ फेब्रुवारी २०२४

वृषभ,

झालंच न्हाई म्हणतोस. तुझ्यासाठी झालं नसंल. सुपारी फुटल्यावर दोन महिने मला पोस्टातल्या बायका बेळगावची सून म्हणायच्या. मोडल्यावर वर्षभर कुणी काही म्हणायचं न्हाई, ते त्याहून वाईट. आप्पांनी त्या सुपारीचे पेढे ज्यांना वाटले त्यांच्या दारावरनं जायचं सोडलं, लांबच्या बोळानं जायचे.

अजून एक केलं मी. ‘वर’ म्हणून खोटं नाव घालून फॉर्म उघडून बघितला. यल्लाप्पा असं नाव घातलं. तो प्रश्नच येत न्हाई. बाप्यांना विचारतच न्हाई तुझा फॉर्म. मग तुझं नाव शोधलं. पहिल्या रांगेत हैस. ‘अविवाहित, सुसंस्कृत कुटुंब.’ एकच सुपारी होती रे ती. तुझ्या बाजूनं फुटली न्हाई आणि माझ्या बाजूनं फुटली, असं कसं?

तुला कळत न्हाई असं मला वाटत न्हाई. तू लहानपणापास्नं हुशार. तुला दिसतं, पण तुझं टेबल स्वच्छ पाहिजे असतं.

माझं उत्तर ऐक. काही बदलू नकोस. मी होय लिहिलंय ते होयच राहू दे. मला लग्न पाहिजे, खोटं कशाला सांगू, मला घर पाहिजे, माझं माणूस पाहिजे. पण जो येईल त्यानं ते वाचून यावं. तुला काही करायचं असलं तर ती टिक काढ. एकेचाळीस जणींसाठी काढ.

राजश्री


निपाणी
१० मार्च २०२४

वृषभ,

तुझं उत्तर आलं न्हाई तरी लिहिते, कारण मला कुणाला तरी सांगायचंय आणि हे तुझ्याच वेबसाइटमुळं झालंय.

स्थळ आलं. संकेश्वरचं. श्रेयांस नाव, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतो, छत्तीस वय. आई गेली त्याची, वडील हैत. बघायला आले तेव्हा तो मला म्हणाला, पोस्टात तुम्ही म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरून देता का? मी म्हटलं व्हय, रोज. म्हणाला, माझ्या आईचे फॉर्म तुमच्यासारख्याच एक बाई भरून द्यायच्या, आई त्यांच्यासाठी घरातनं चटणी न्यायची. असं कुणी बोलतं का रं मुलगी बघायला आल्यावर? मला लई आवडलं.

सगळ्यात मोठं काय माहिती हाय? होय वाचून आले ते. ती टिक तू काढली न्हाईस, मी बघितलं, अजून तिथंच हाय. म्हणजे त्यांनी स्वतः काढली असणार आणि मुद्दाम मला शोधलं असणार. आले तेव्हा त्या गोष्टीबद्दल एक अक्षर विचारलं न्हाई. आप्पा म्हणाले, मोठ्या मनाची माणसं दिसत्यात. आप्पा आता जवळच्या बोळानं जातात.

मी ठरवलंय, पुढच्या भेटीत श्रेयांसला स्वतःच सगळं सांगायचं. तुझं नाव घेऊन. आता लाज वाटत न्हाई.

तुला मागच्या पत्रात टाकून बोलले. तेवढं विसर.

राजश्री


शहापूर, बेळगाव
१६ मार्च २०२४

राजश्री,

मनापासून अभिनंदन. आईला सांगितलं, तिनं देवापुढं साखर ठेवली.

घाईत लिहितोय, वेबसाइटचा वर्धापनदिन जवळ आलाय, मंडळाची माणसं रोज येऊन बसतात. एकच सुचवतो. तो जुना विषय तू स्वतःहून काढू नकोस. त्यांनी विचारलं नाही ना, मग आपण कशाला? मोठी माणसं काही गोष्टी मनात ठेवतात, त्या उकरल्या की त्यांनाही अवघड होतं. लग्न होऊ दे, मग निवांत सांग. माझं एवढं ऐक.

वृषभ


निपाणी
१४ एप्रिल २०२४

वृषभ,

तुझं ऐकलं. त्याचं काय झालं ते वाच.

गेल्या रविवारी संकेश्वरची मंडळी तारीख धरायला आली. त्यांच्यात श्रेयांसचे एक चुलत आजोबा होते, आण्णाप्पा. म्हातारे मला बघून लगेच म्हणाले, “ही पोरगी मला ठाव हाय की. हिची सुपारी बेळगावच्या पावण्यासंगट फुटलेली. मी पेढा खाल्लाय.” आप्पा हसून म्हणाले, “व्हय, आम्ही कुठं लपवलंय? फॉर्मातच लिहिलंय.” श्रेयांसच्या वडलांनी खिशातला फोन काढला, माझं पान उघडलं आणि आप्पांपुढं धरलं. आप्पांना चष्म्याशिवाय दिसंना, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडं दिला. मोठ्यानं वाच, म्हणाले.

माझ्या हसऱ्या फोटोच्या खाली लिहिलं होतं. यापूर्वी सुपारी फुटली होती का? नाही.

मी वाचलं. मोठ्यानंच वाचलं. श्रेयांसचे वडील ओरडले न्हाईत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “सुपारी मोडली त्याचं काही न्हाई हो. कुणाचीही मोडती. पण तुम्ही लपवलं, आणि वर लपवलं न्हाई म्हणून सांगता.” आप्पा नुसते म्हणत होते, आम्ही होय लिहिलंय, आम्ही होय लिहिलंय. उठून गेली माणसं. आईनं केलेल्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या.

म्हणजे ते होय वाचून आलेच नव्हते. मी येडी महिनाभर त्याच आनंदात होते. आणि तू बोलायला नको म्हणालास म्हणून मी श्रेयांसला काही सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर त्याच दिवशी उलगडा झाला असता.

रात्री चंदनानं सांगितलं तसं माझ्या पानाच्या तळाशी जाऊन बघितलं. तिथं लिहिलेलं असतं. ‘शेवटचा बदल: व्यवस्थापक, १७ जानेवारी.’ तुझं पत्र आलं त्यावर तारीख १८. तू मला विचारत होतास, करू का, कळव. आदल्या दिवशी करून बसला होतास. मी नको म्हणून लिहिलं, ते वाचलंस आणि तसंच ठेवलंस. अभिनंदन लिहिताना तरी तुझा हात थांबायला पाहिजे होता.

मी श्रेयांसला भेटले. पोस्टातनं सुट्टी काढून कारखान्याच्या दारात उभी राहिले, कोण बघतंय ते बघितलं न्हाई. सगळं सांगितलं. तो म्हणाला, माझा विश्वास हाय, पण बाबांचा बसला पाहिजे. त्याच्या वडलांनी एकच सांगितलं, ज्यानं बदललं त्यानं लिहून द्यावं.

म्हणून मागते. आजवर तुझ्याकडं काही मागितलं न्हाई. कागदावर दोन ओळी आणि खाली सही. राजश्रीनं होय लिहिलं होतं. मी तिला न विचारता नाही केलं. एवढंच. पत्ता पाकिटात ठेवलाय. जूनच्या आधी त्यांना लग्न उरकायचंय, त्यांच्याकडं दुसरी स्थळं हैत. माझ्याकडं न्हाईत.

राजश्री


शहापूर, बेळगाव
२३ एप्रिल २०२४

राजश्री,

चुकलो. आधी तेवढं लिहितो, म्हणजे पुढचं तू वाचशील.

१७ तारखेला केलं, ते चांगल्यासाठी केलं. मला वाटलं तू होच म्हणशील. नको म्हणालीस तोवर तुझं पान साठ लोकांनी बघितलं होतं. साठ, राजश्री. त्याआधी एकानंही नाही. मी तो आकडा बघत बसलो आणि परत होय करायला माझा हात गेला नाही. मला वाटलं सहा वर्षांपूर्वी बिघडवलं ते एका क्लिकनं नीट करून दाखवू.

दोन ओळी लिहायला मला काही जड नाही. पण जरा माझ्या बाजूनं बघ. व्यवस्थापक लोकांच्या फॉर्मची उत्तरं मागून बदलतो, हे एकदा कागदावर आलं की सहाशे कुटुंबं विचारणार, आमचं काय काय बदललं? शांतिनाथअण्णा मला दारात उभं करणार नाहीत. मला मिळणारं काम सगळं त्यांच्याच ओळखीतलं आहे, मच्छेचा सिंहवालासुद्धा. १२ मे ला वर्धापनदिन आहे, माझा सत्कार ठेवलाय. तेवढा पार पडू दे. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः संकेश्वरला जातो, त्यांच्यासमोर बसून सांगतो. कागदापेक्षा तोंडी सांगितलेलं बरं.

ती टिक काढायचं मी मंडळात बोललो. ते म्हणाले लोकांना सोयीचं आहे, राहू दे.

अजून एक. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आई म्हणते, संकेश्वरचं नाही जमलं तर नाही, घरचं घरात का होऊ नये? मामा-भाच्यांचं जुनं नातं पण सांधेल. मलाही आता पुण्याची हौस उरलेली नाही. तुझ्यासारखी समजून घेणारी मुलगी मला त्या वेबसाइटवर दुसरी दिसली नाही, आणि मी ती सगळी बघितलीय. रागावू नकोस. शांतपणे विचार कर.

वृषभ


निपाणी
२० मे २०२४

वृषभ,

तुझ्या सत्काराचा फोटो पेपरात बघितला. शाल चांगली हाय. तेरा तारीख गेली, चौदा गेली, आज वीस. संकेश्वरला कुणी गेलं न्हाई. श्रेयांसचं चिकोडीच्या मुलीशी ठरलं, परवा. त्यानं मला फोन करून सांगितलं. म्हणाला, बाबा महिनाभर कागदाची वाट बघत होते. रोज पोस्टमनला विचारायचे. मी पोस्टात बसून त्याच कागदाची वाट बघत होते. तुझ्या अक्षराचं पाकीट संकेश्वरच्या थैलीत जातंय का म्हणून.

तुझ्या लग्नाच्या गोष्टीचं उत्तर देते, म्हणजे परत विचारायला नको. मला एकटीनं म्हातारी होणं चालंल. तू मला आधी नको म्हणालास, मग झाकून ठेवलंस, मग खोटी केलीस, आणि आता कोण बघत न्हाई म्हणून घरात घ्यायला निघालास. तू वाईट हैस असं मी म्हणत न्हाई. तुला माणसांपेक्षा पान मोकळं दिसलेलं आवडतं, एवढंच. आत्तीला सांग, आप्पा भाऊबीजेला येत्याल. तिचा काय दोष. मी येणार न्हाई.

काल मी तुझ्या वेबसाइटवरनं माझं नाव काढलं. तुला फोन करून काढ म्हणून सांगायचं नव्हतं, म्हणून स्वतःच शोधलं. ‘नोंदणी रद्द करा’ असं एका कोपऱ्यात सापडलं. ते दाबलं तर पुढं विचारतंय, कारण काय? खाली एकच कारण लिहून ठेवलंय. ‘विवाह निश्चित झाला.’ दुसरं कारणच न्हाई. नको झालं, थकले, मेले, काही न्हाई. आणि ते निवडल्याशिवाय नाव निघत न्हाई. एखादीला नुसतंच बाहेर पडायचं असंल, हे पण तुझ्या डोक्यात आलं न्हाई वाटतं. अर्धा तास बसले होते समोर. खोटं लिहायचं न्हाई म्हणून तुझ्याशी चार महिने भांडले, आणि शेवटी माझ्या हातानं तेच दाबलं.

लगेच पानभर रंगीत कागद उडाले. अभिनंदन, म्हणून. पहिल्या पानावर जमलेल्या लग्नांचा आकडा लावलायस ना, तो दोनशे तेरा होता, दोनशे चौदा झाला. आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो आला, तोच हसरा, खाली लिहिलंय, कु. राजश्री यांचा विवाह निश्चित. आईनं तो आप्पांना दाखवला न्हाई. पण शेजारच्या राजाबाईनं बघितला आणि ती पेढे मागायलाच आली. कुठलं गं स्थळ, कुणी जमवलं, म्हणून हात धरून बसली. आई आत गेली ती बाहेर आलीच न्हाई.

मी राजाबाईला सांगितलं, बेळगावच्या वृषभनं जमवलंय, स्थळ त्यालाच विचारा. तुझा नंबर दिलाय. तिच्या मागनं गल्लीतल्या अजून चौघी विचारून गेल्या, त्यांना पण दिला. फोन येतील. उचल आणि काय झालं ते सांग.

राजश्री